पिवळ्या खुणेची गाडी

संदेशनं ब्रेक दाबला की शेजारच्या सीटवर बसलेल्या धम्मदीपचा उजवा पायही खाली दाबला जाई. तिथं ब्रेक नव्हता, नुसती रबरी मॅट होती. पहिले काही दिवस संदेशनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एकदा सहज म्हणाला, "भाऊ, मॅट फाटंल बरं का." दोघंही हसले. पण हसून झाल्यावर धम्मदीप बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

धम्मदीप ओव्हाळ कान्हे गावचा. तळेगावच्या पलीकडं गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचा ट्रॅक आहे, तिथं तो ब्रेकच्या चाचण्या घेणारा ड्रायव्हर होता. नवी गाडी बाजारात आणायच्या आधी ती हजारो वेळा थांबवून बघावी लागते. कोरड्या रस्त्यावर, ओल्यावर, रिकामी, माणसं भरलेली, एका बाजूची चाकं डांबरावर आणि दुसऱ्या बाजूची खडीवर. वीसेक वर्षं त्यानं हेच केलं. गावात कुणी विचारलं की गाड्या लय जोरात पळवत असशील, तर तो म्हणायचा, "पळवायला काय, कुणीबी पळवतंय. आपलं काम थांबवायचं."

त्या थांबवण्यातला एक क्षण त्याचा फार लाडका होता. पायाखाली ब्रेक आवळला की गाडीचं सगळं वजन मागून उठून पुढच्या चाकांवर येई. पुढच्या स्प्रिंगा दबत, बॉनेट झुके, मागचं अंग हलकं होई. पुढचे टायर रस्ता असा धरत की ते धरणं तळव्यातून पोटरीत, पोटरीतून पाठीत आणि पाठीतून मानेपर्यंत येई. मागची चाकं किती हलकी झाली आहेत, आता स्टिअरिंग इंचभर फिरवलं तर शेपूट सुटेल की राहील, हे त्याला कुठल्याही यंत्राच्या आधी कळायचं. घरी जेवताना, बायकोशी, सारिकाशी बोलताना, कधी नुसता अंथरुणावर पडलेला असतानाही ते वजन पुढं येण्याची जाणीव त्याच्या अंगात कुठंतरी असायची.

मग मागच्या फेब्रुवारीत कंपनीच्या कँटीनमध्ये चहाचा कप हातात असताना तो खाली पडला. डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली संदेशचं घडी घातलेलं जॅकेट होतं आणि भोवती बरीच माणसं वाकून बघत होती. तोंडाला रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. दुसरी फिट घरी आली, सारिकाच्या डोळ्यांदेखत. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. लहानपणच्या कुठल्याशा तापाचा जुना व्रण निघाला. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला सरळ होते. "गोळ्या वेळेवर घेतल्या तर पुन्हा बहुतेक येणार नाही," ते म्हणाले. "पण बहुतेक या शब्दावर गाडी चालवता येत नाही. टेस्ट ड्रायव्हिंग आता विसरा."

कंपनीनं त्याला काढलं नाही. नव्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसायचं, त्यांना शिकवायचं, गाडी कशी वाटते ते इंजिनिअरांना सांगायचं, असं काम दिलं. धम्मदीपनं सगळं शांतपणे मान्य केलं. कान्हे फाट्यावरून कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागला. भावकी म्हणाली, मोठ्या मनाचा माणूस. घरची जुनी छोटी गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. सारिका वडगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकली, लायसन्स काढून आणलं. ती गाडी बाहेर काढायची तेव्हा धम्मदीप काहीतरी निमित्त काढून परड्यात जायचा.

त्या वर्षी कंपनीची एक नवी गाडी तयार होत होती आणि तिच्याबद्दल एकच तक्रार होती. ब्रेक लावला की ती फार वाकायची. गाडी बघायला बोलावलेल्या लोकांनी तोंडावर सांगितलं होतं की मागच्या सीटवरची पिशवी खाली पडते, पोटात कालवतं. हे निस्तरायचं काम अनघाकडं आलं. अनघा लोणावळ्याची, तिशीतली, सस्पेन्शन बघणारी इंजिनिअर. वडील रेल्वेत होते. ती धम्मदीपला दादा म्हणायची आणि तो तिला मॅडम, आणि दोघांनाही ते सवयीचं झालं होतं.

वर्कशॉपमध्ये तिनं पुढच्या चाकाचा खालचा आर्म हातात धरून संदेशला दाखवला. संदेश इंदुरी गावचा, हुशार पोरगा, घरी नदीकाठी शेती. ड्रायव्हिंग चांगलं, पण गाडीच्या खाली काय चालतं यात त्याला आत्ता आत्ता रस वाटू लागला होता.

"हा आर्म चाकाला गाडीशी बांधून ठेवतो," अनघा म्हणाली. "गाडीच्या बाजूला याचे दोन सांधे आहेत, एक पुढचा, एक मागचा. आत्ता दोन्ही एका पातळीत आहेत. समज, मागचा सांधा मी बोटभर वर उचलला. आता ब्रेक लागल्यावर रस्ता चाकाला मागं ढकलणार, बरोबर? आर्म तिरका असला की त्याच ढकलण्यातून गाडीचं नाक वर उचलून धरलं जातं. स्प्रिंग तीच, शॉकअप तेच, तरी गाडी वाकत नाही."

"म्हंजे वजन पुढं येतच न्हाई?"

"येतं की. तेवढंच येतं. गाडी किती उंच आहे, किती लांब आहे आणि तू किती जोरात थांबवतोस यावर ते ठरतं. आर्म कसाही बसव, त्यात फरक पडत नाही. फक्त गाडी वाकताना दिसत नाही."

"मग सरळच ठेवू की गाडी. लोकांना तेच पायजे."

"त्याची किंमत द्यावी लागते. आर्म जास्त तिरका झाला की ब्रेक मारताना चाक मोकळेपणी वर-खाली होत नाही. खड्डा आला की ठेच लागल्यासारखं उडतं. आणि उडालेलं चाक थांबवत नाही."

धम्मदीप बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याला हे सगळं माहीत होतं. पण ब्रेकबद्दल कुणी बोलू लागलं की त्याला तिथून हलवत नसे.

दोन मांडण्या ठरल्या. जुनी, वाकणारी, तिच्या आर्मवर पिवळ्या रंगाचा ठिपका. नवी, सपाट राहणारी, तिच्यावर लाल. ट्रॅकवर लाल खुणेची गाडी छान चालली. वरची माणसं खूश झाली, आकडे बरे होते. पण ट्रॅक गुळगुळीत होता, आणि गाड्या काही ट्रॅकवर विकल्या जाणार नव्हत्या. म्हणून अनघानं घाटातली चाचणी मागून घेतली. मळवलीवरून लोहगडाच्या कुशीत चढणारा रस्ता पुढं दुधिवऱ्याच्या खिंडीतून पवनेच्या अंगाला उतरतो. उतार कडक, वळणं अडचणीची, आणि पावसाळ्यात फुटलेलं डांबर अजून कुणी दुरुस्त केलेलं नव्हतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी पर्यटकही नसतात.

"दादा, तुम्ही चला," ती म्हणाली. "मला यंत्राचे आकडे मिळतील. पण शेजारी बसणाऱ्याला गाडी कशी वाटते, तेही हवंय."

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झाला होता, डोंगराचं गवत पिवळं पडलं होतं. पहिल्या दिवशी लाल खुणेची गाडी नेली. संदेशनं उतारावर ब्रेक दाबला तशी ती एखाद्या पाटासारखी सपाट राहिली आणि खिंडीखालच्या फुटक्या वळणावर आली. तिथं पुढचं चाक थडथडलं, ब्रेकचं पेडल संदेशच्या पायाखाली कुरकुरू लागलं, आणि गाडी थांबायच्या जागेच्या बरीच पुढं जाऊन थांबली. तीनदा केलं, तीनदा तेच. अनघा मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती फक्त "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या खुणेची गाडी आणली.

पहिल्याच उताराला संदेशनं ब्रेक लावला आणि गाडीनं मान खाली घातली. धम्मदीपच्या छातीवरचा पट्टा आवळला, पुढच्या स्प्रिंगा शेवटपर्यंत दबून खालच्या रबरावर ठक्कन बसल्या. मागचं अंग उचललं गेलं. आणि वळणात शिरताना शेपूट बाहेर गेलं, हातभर, दोन हात. संदेशनं स्टिअरिंग उलटं फिरवून गाडी सावरली. त्याच्या कपाळावर घाम आला.

धम्मदीप हसत होता. आवाज न करता, एकटाच, रस्त्याकडं बघत. कितीतरी महिन्यांनी ते सगळं त्याच्या अंगातून गेलं होतं, आणि शेपूट सुटलं त्या क्षणी त्याचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप वर आले होते. बाहेरच्या आरशात अनघाला त्याचा चेहरा दिसला.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. मग ब्रेक इतके तापले की जळकट वास गाडीत भरला. खिंडीखालच्या मोकळ्या जागेत गाडी गार व्हायला उभी केली.

"दादा, काय वाटतं?" अनघानं विचारलं.

"पिवळी चांगली."

"पिवळी?"

"व्हय. ही बोलती माणसाशी. लाल मुकी हाय."

संदेश म्हणाला, "भाऊ, पण दोनदा शेपूट सुटलं. मी होतो म्हणून बरं. माझी आई चालवत असती तर दरीत गेली असती."

"तुम्हाला जाणवलं नाही का?" अनघानं हळूच विचारलं.

"जाणवलं."

"मग?"

धम्मदीपनं खिडकीची काच खाली केली. पिवळी चांगली का वाटली, ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं. वर्कशॉपला फोन करायला रेंज शोधत अनघा खिंडीकडं चढून गेली. संदेश फांदीचा झाडू करून खालच्या वळणावर खडी बाजूला करायला गेला. पुढच्या फेरीआधी वळण साफ पाहिजे होतं.

धम्मदीप एकटा उरला. तापलेलं लोखंड गार होताना टिकटिक वाजत होतं. समोर उतार, उताराखाली पवनेचं पाणी, पाण्यापलीकडं तुंग किल्ल्याचा टोकदार सुळका. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तो दार उघडून बाहेर आला, गाडीला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. संदेश उंच, त्यामुळं सीट मागं होती. धम्मदीपनं ती पुढं ओढली. आरसा आपल्यापुरता वळवला. पाय ब्रेकवर ठेवला. पेडल गरम झालेलं नव्हतं, पण त्याला तसं वाटलं. चावी कपाच्या खाचेत पडलेली होती. त्यानं बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं. स्टिअरिंग हातात थरथरलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. फक्त इथून त्या वळणापर्यंत, त्यानं मनाशी म्हटलं. एकदा दाबायचा, एकदा ती वाकलेली बघायची आणि थांबायचं. सकाळची गोळी घेतली होती. आठ महिने काही झालं नव्हतं. आपल्या हातात गाडी असती तर शेपूट सुटलंच नसतं, हेही त्याला मनोमन वाटत होतं. हँडब्रेकवर हात गेला.

"काय रं बाबा, गाडी बंद पडली व्हय?"

खिडकीशी एक म्हातारी उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. लोहगडवाडीला लेकीकडं गेली होती, आता दुधिवऱ्याला घरी निघाली होती. तिचं नाव झुंबरबाई, ते नंतर कळलं.

"न्हाई मावशी. ब्रेक तापलेत, गार व्हायला थांबलोय."

"चालूच हाय की. मग खालपातूर सोड मला. चढाला काय वाटत न्हाई बघ. उतरताना समदं वजन गुडघ्यावर येतं. ऐकत न्हाईत गुडघं."

धम्मदीपचा हात अजून हँडब्रेकवर होता. आता तर निमित्तही आपल्या पायांनी चालत आलं होतं. म्हातारीला घरी सोडायचं, पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू. यात कोण काय म्हणणार? तिनं मागचं दार उघडायला हात लावलाही होता. त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं. सुरकुतलेला हात, मनगटात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. आणि डॉक्टरांचा तो शब्द त्याला आठवला. बहुतेक.

"मावशी," तो म्हणाला, "मला चालवता येत न्हाई."

आयुष्यात हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं. म्हातारी हसली.

"आन् हितं पुढं बसून काय करतोयस मग?"

"येत हुतं. आता न्हाई. फिट येती मला."

तिचं हसू थांबलं. तिनं दारावरचा हात काढून घेतला आणि नीट त्याच्याकडं पाहिलं. "माझ्या थोरल्या भावाला यायची," ती म्हणाली. "बैलगाडी हाकायचा तो. लय तरबेज. पर एकदा चाकाखाली येता येता वाचला. मग गाडीत बसायचा न्हाई. बैलांच्या संगं पायी चालायचा, कासरा धरून. गाडीत दुसराच कुणीतरी."

"वाईट वाटायचं का त्याला?"

"वाटायचं की."

"मग सवय झाली असंल पुढं."

"कशाची सवय," म्हातारी म्हणाली. "मरंस्तवर वाटायचं."

तिनं ते अगदी सहज सांगितलं, पीकपाण्याचं सांगावं तसं. धम्मदीपनं बटण दाबून इंजिन बंद केलं. आठ महिन्यांत ज्याला त्याला तो सांगत आला होता की काय न्हाई, होतं सवयीनं. आणि जो तो मान डोलावत आला होता. या बाईनं मान डोलावली नव्हती. त्याला एकदम बरं वाटलं, आणि का ते त्याला कळलं नाही. तो उतरला, शेजारचं दार उघडून तिला आपल्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला.

खडी झाडून संदेश वर आला तेव्हा धम्मदीप म्हणाला, "मावशींना दुधिवऱ्याला सोड. हळू ने. मी येतो मागनं चालत."

संदेश ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. त्यानं खाली सीटकडं पाहिलं, मग आरशाकडं. आरशात त्याला मागचा रस्ता नाही, मागची सीट दिसत होती. त्यानं धम्मदीपकडं नजर उचलली. धम्मदीप डोंगराकडं बघत होता. संदेशनं सीट मागं सरकवली, आरसा सरळ केला आणि गाडी सुरू केली.

तोवर अनघा खिंडीतून खाली आली होती. धम्मदीपनं तिला म्हातारीचं सांगितलं. दोघं गाडीमागून उतार चालू लागले.

खालच्या वळणाशी संदेशनं ब्रेक लावला. म्हातारी आत होती म्हणून बेतानंच लावला. तरी गाडी वाकली. पुढचं तोंड जमिनीकडं गेलं, मागचं ढुंगण वर आलं, मागच्या चाकांच्या वर मोठी फट पडली आणि ती चाकं कशीबशी रस्त्याला टेकून राहिल्यासारखी दिसली. धम्मदीप थांबला. इतकी वर्षं तो त्या गाड्यांच्या आत होता. बाहेर उभं राहून, उतारावर, भर वळणात असं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आतून जे एवढं ऐटदार वाटायचं, ते बाहेरून अडखळून पडता पडता सावरणाऱ्या माणसासारखं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "माझं मत धरू नका."

"का?"

"मला ती वाकती ते आवडतं. ती वाकली की मला वाटतं मीच थांबवतोय. म्हणून पिवळी म्हणालो. गाडी म्हणून ती चांगली न्हाई."

अनघा त्याच्याबरोबर चालत राहिली. वळण ओलांडल्यावर ती म्हणाली, "मग गाडी म्हणून सांगा."

आणि धम्मदीपनं सांगितलं. पुढची स्प्रिंग रबरावर बसते तोवर सगळं ठीक असतं. ठक्कन बसली की पुढचं अंग एकदम ताठ होतं, आणि त्याच वेळी मागचं हलकं झालेलं असतं, म्हणून शेपूट सुटतं. लालमध्ये उलटं, चाक जखडून बसतं. रबरावर बसू नये एवढाच आधार पाहिजे, त्याच्या वर नको. अनघाचं म्हणणं पडलं की मागचा सांधा बोटभर नाही, अर्धं बोट उचलू, आणि मागचे शॉकअप असे लावू की मागचं अंग वर यायला वेळ घेईल. धम्मदीपला ते पटलं. शॉकअपचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघं दुधिवऱ्याच्या पहिल्या घरांपर्यंत बोलत आले तेव्हा संदेश अंगणातल्या बाजेवर चहा पीत बसला होता आणि झुंबरबाई त्यांच्यासाठी दोन कप धूत होती.

पुढच्या आठवड्यात निळ्या खुणेची गाडी त्याच उतारावर आणली. ब्रेक लागल्यावर ती वाकली, पण अदबीनं, आणि फुटक्या वळणावर चारही चाकं रस्ता धरून राहिली. संदेशनं पाच वेळा थांबवली, पाचही वेळा जवळजवळ एकाच जागी थांबली. तो खुशीत होता. अनघानं मागून विचारलं, "दादा, आवडली?"

"न्हाई," धम्मदीप म्हणाला. "पण चांगली हाय. हीच करा."

तीच झाली. पिवळ्या ठिपक्याचे आर्म भंगारात गेले. संदेश आता त्या ट्रॅकवरचा पहिल्या नंबरचा ड्रायव्हर आहे आणि नवी पोरं आली की आधी त्यांना धम्मदीपच्या शेजारी आणून बसवतो.

त्यानंतरच्या एका रविवारी धम्मदीपला मळवलीला बहिणीकडं जायचं होतं. बहीण आणि तिचा नवरा तिथल्या एका बंगल्याची देखभाल करतात. सारिका ओट्यावर तांदूळ निवडत होती. धम्मदीप चपला घालता घालता म्हणाला, "गाडी काढतीस का? गाडीनं जाऊ."

सारिकानं सूप खाली ठेवलं. लायसन्स मिळाल्यापासून त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. ती उठली, हात धुतले, किल्ली घेतली.

ती चालवायची जपून, पण ब्रेक मारायची एकदम. कामशेतच्या अलीकडं एक टेम्पो आडवा आला तसा तिनं पाय आपटला आणि दोघं पुढं आदळले. "चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं न्हाई. घाई झाली." त्यानं आवळलेला पट्टा सैल केला. मग म्हणाला, "आधी नुसता पाय टेकव. वजन पुढं येऊ दे. आलं की पुढची चाकं आपसूक धरत्यात, मग दाब. आन् थांबायच्या जरा आधी सोड थोडा, म्हंजे मागं हिसका बसत न्हाई."

पुढच्या फाट्यावर तिनं करून बघितलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा थोडं जमलं. तिसऱ्यांदा गाडी पुढं झुकली, टेकली आणि हिसका न बसता उभी राहिली, आणि सारिका स्वतःशीच हसली.

"आधी का न्हाई शिकवलंत?" तिनं विचारलं. "वडगावात तो मास्तर नुसता ओरडायचा. मला वाटायचं, तुमी बोलाल कधीतरी."

"तू चालवताना बघवत नव्हतं मला."

तिनं समोर बघत मान हलवली. जणू तिला ते माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "अजून चालवावीशी वाटती?"

"व्हय."

"लय?"

"लय," तो म्हणाला.

तिनं गिअर बदलला. होईल सवय, असं ती म्हणाली नाही. मळवलीचं रेल्वे फाटक उघडं होतं. ते ओलांडून बहिणीच्या बंगल्याचं वळण आलं, तरी तिनं गाडी वळवली नाही. भाजे गावाकडं जाणारा रस्ता सरळ धरला. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे बुडखे उभे होते, बांधावर कुणीतरी पेंढ्या रचत होतं.

"कुटं चाललीस?" त्यानं विचारलं.

"जाऊ थोडं पुढं. तुमी सांगा, मी दाबते."

समोर उतार लागत होता. धम्मदीप सीटवर जरा सावरून बसला आणि रस्त्याकडं बघू लागला.

"आत्ता न्हाई," तो म्हणाला. "अजून थोडं जाऊ दे."